केमिकल प्लांटच्या यंत्रांत अडकलेला मौल्यवान धातू परत मिळवताना : नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने

नायट्रिक आम्लाच्या जुन्या टाकीच्या तळाचा गाळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात काहीच विशेष दिसत नाही. करडा-काळा, भिजलेल्या राखेसारखा, मधूनमधून गंजाचा तांबूस पट्टा. पण फावड्यावर घेतला की मनगटाला कळतं, एवढ्याशा गाळाला हे वजन कुठून आलं! त्यात प्लॅटिनमचे कण असतात. प्लॅटिनमची घनता २१.४५ आहे, म्हणजे पाण्याच्या एकवीस पट आणि लोखंडाच्या जवळजवळ पावणेतीन पट.

एका प्लांटमध्ये मी पोचायच्या आदल्याच दिवशी असा गाळ होजने धुऊन गटारात सोडला होता. धुणाऱ्यांचा त्यात दोष नव्हता. त्यांना टाकी स्वच्छ करायला सांगितलं होतं, ती त्यांनी चकचकीत केली. एका नॉझलखाली ओंजळभर गाळ उरला होता, तो तपासायला पाठवला. निकालाचा कागद आला तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. तेव्हापासून नव्या माणसाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो की धातू काढायच्या आधी तो बाहेर जायच्या वाटा बंद करा. पाणी, झाडू आणि भंगाराची गाडी या तीन वाटांनी जेवढा धातू जातो, तेवढा पुढे धातू शुद्ध करणाऱ्या रिफायनरीतल्या कुठल्याही प्रक्रियेत जात नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. ॲक्वा रेजिया (प्लॅटिनम विरघळवणारं तीव्र आम्लांचं मिश्रण), अवक्षेपण (द्रावणातून धातू खाली बसवणं), वितळवणं हे रिफायनरीचं काम. ते या लेखात नाही आणि नवख्याने ते अंगावर घेऊही नये. प्लॅटिनमचे विरघळणारे क्षार, विशेषतः क्लोरोप्लॅटिनेट, श्वासातून गेले तर दम्यासारखा कायमचा त्रास लावतात. कामाच्या जागी त्यांची मर्यादा घनमीटर हवेत ०.००२ मिलिग्रॅम इतकी कडक ठेवलेली आहे. आपलं काम धातू शोधणं, गोळा करणं, मोजणं आणि योग्य हातात सोपवणं. एवढं नीट झालं तरी पुष्कळ झालं.

पहिला टप्पा : पान्याआधी पेन

फ्लँजला (पाइपच्या जोडाला) पाना लावण्याआधी दोन-तीन दिवस रेकॉर्ड रूममध्ये बसा. हे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात, पण पुढच्या साऱ्या कामाचा पाया इथेच पडतो.

नायट्रिक आम्लाचं उदाहरण घेऊ, कारण शिकायला त्याहून चांगला प्लांट नाही. अमोनिया आणि हवा प्लॅटिनम-रोडियमच्या बारीक जाळ्यांमधून जातात; इथे हा धातू उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारा. या जाळ्यांना प्लांटमध्ये सगळे गॉझच म्हणतात. मिश्रधातूत रोडियम सहसा ५ ते १० टक्के. तापमान ८५० ते ९३० अंश सेल्सिअसच्या आसपास. एवढ्या उष्णतेत ऑक्सिजनच्या सहवासात प्लॅटिनमचा थोडा थोडा भाग प्लॅटिनम डायऑक्साइडची वाफ होऊन उडत राहतो. वायू थंड झाला की ही वाफ तुटते आणि धातूचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. शिवाय जाळीचे झिजलेले तुकडे वायूबरोबर वाहून जातात ते वेगळेच.

किती उडतं? ते प्लांटच्या दाबावर आणि तापमानावर ठरतं. मध्यम दाबाच्या प्लांटमध्ये टनभर आम्लामागे साधारण ०.१५ ग्रॅम, उच्च दाबाच्या प्लांटमध्ये ०.३ ग्रॅमच्या आसपास. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून गुणाकार करून पाहा. रोज ५०० टन आम्ल, टनामागे ०.२ ग्रॅम, म्हणजे रोज १०० ग्रॅम. वर्षाला ३३० दिवस प्लांट चालला तर ३३ किलो.

यातला बराच भाग गॉझच्या लगेच खाली बसवलेल्या पॅलेडियमच्या जाळ्या पकडतात. त्या चांगल्या चालल्या आणि दोन तृतीयांश धातू पकडला, असं धरा. तरी अकरा किलो पुढे निघून गेले. त्यातले काही आम्लाबरोबर ग्राहकाकडे किंवा खतात जातात आणि कायमचे जातात. उरलेले यंत्रांच्या आत बसतात. त्या उरलेल्यासाठी हा सगळा खटाटोप.

म्हणून रेकॉर्डमधून काढायच्या नोंदी अशा: प्रत्येक कॅम्पेनमध्ये (गॉझचा संच बसवल्यापासून उतरवेपर्यंतच्या काळात) किती वजनाचे गॉझ बसवले आणि किती वजनाचे उतरवले, रिफायनरीने किती धातू परत दाखवला, पकडजाळ्यांनी किती मिळवलं, त्या काळात आम्ल किती टन झालं, आणि आधीची साफसफाई कधी, कुठे झाली. या नोंदींची वजाबाकी केली की न सापडलेल्या धातूचा एक आकडा हाती येतो. तो वरची मर्यादा समजा. एवढं सगळं आत असेलच असं नाही, पण यापेक्षा जास्त नक्की नसणार. कुणी त्याहून मोठं आश्वासन देत असेल तर त्याला हा हिशोब समोर ठेवून विचारा.

दुसरा टप्पा : वायूबरोबर चालत जा

आता प्रोसेसचा नकाशा घेऊन वायूच्या वाटेने निघा. नियम सोपा आहे. वायू जिथे वळतो, जिथे मंदावतो, जिथे थंड होतो आणि जिथे पृष्ठभाग खडबडीत असतो, तिथे धातू बसतो.

बर्नरची टोपली आणि तिच्यातल्या सिरॅमिक रिंगा या गॉझच्या थेट खाली असतात, तिथे तुटलेल्या तारांचे तुकडे डोळ्यांनी दिसतात. भोवतालच्या विटा आणि सिरॅमिक फायबरमध्येही धातू मुरतो, त्यामुळे अस्तर बदलताना जुन्या विटा मलब्यात टाकू नका. पुढे वेस्ट हीट बॉयलर, म्हणजे गरम वायूच्या उष्णतेवर वाफ बनवणारा बॉयलर. त्याच्या ट्यूबवर गंजाचा जो थर दिसतो तो निव्वळ गंज नसतो, आयर्न ऑक्साइडने प्लॅटिनमचे कण धरून ठेवलेले असतात. बॉयलरनंतरची पहिली एल्बो, म्हणजे पाइपचं वळण, मी कधीच सोडत नाही. तिची बाहेरची बाजू, जिथे वायू आपटून वळतो, तिथला थर आणि आतल्या बाजूचा थर वेगवेगळे खरवडून पाहा. फरक डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेत दिसतो.

त्यापुढे टेल गॅस हीटर (शोषणानंतर उरलेला वायू तापवणारा), हीट एक्स्चेंजर, प्लॅटिनम फिल्टर असल्यास त्याची जुनी माध्यमं, मग कूलर-कंडेन्सर. कंडेन्सरपासून पुढे सगळं ओलं असल्याने कण पाण्याबरोबर खाली उतरतात. म्हणून कंडेन्सरचा तळ, शोषण मनोऱ्याचा संप (तळाची कुंडी), खालचे काही ट्रे आणि शेवटी आम्लाच्या टाक्या. टाकी जितकी जुनी आणि जितकी कमी ढवळली गेलेली, तितका तळ समृद्ध. आउटलेटचा पाइप तळापासून थोडा वर घेतलेला असतो. त्याच्या खाली राहिलेला तो वीतभर थर कित्येक वर्षं कुणी हलवलेला नसतो.

प्रत्येक जागेचा छोटा नमुना घ्या, ५० ते १०० ग्रॅम पुरे. पिशवीवर जागा, तारीख, उंची आणि अंदाजे किती क्षेत्र खरवडलं ते लिहा. हातातल्या एक्सआरएफ यंत्राने (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) पटकन दिशा कळते, पण ते फक्त वरचा पापुद्रा वाचतं. त्या आकड्यावर करार करू नका.

इतर प्लांटमध्ये काय शोधायचं

नायट्रिकवर हात बसला की बाकीचं लवकर समजतं. फॉर्माल्डिहाइडच्या प्लांटमध्ये चांदीच्या स्फटिकांचा थर किंवा चांदीची जाळी असते. चांदी ९६२ अंशांना वितळते आणि प्रक्रिया ६०० ते ७०० अंशांत चालते, त्यामुळे कण एकमेकांना चिकटतात, बारीक चुरा खालच्या कूलरमध्ये उतरतो. इथिलीन ऑक्साइडमध्ये ॲल्युमिनावर चढवलेली चांदी. व्हिनाइल ॲसिटेटमध्ये सिलिकावर पॅलेडियम आणि सोनं. टेरेफ्थॅलिक आम्लाच्या शुद्धीकरणात कार्बनवरचं पॅलेडियम, ज्याचा चुरा खालच्या गाळण्यांत आणि पाइपांत सापडतो. ऑक्सो (अल्डिहाइड आणि अल्कोहोल बनवणाऱ्या) आणि ॲसेटिक आम्लाच्या काही प्लांटमध्ये रोडियम किंवा इरिडियम द्रवात विरघळलेलं असतं, तिथे डिस्टिलेशनच्या तळचा चिकट अवशेष पाहायचा.

क्लोर-अल्कलीचे (क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या प्लांटचे) टायटॅनियम ॲनोड निव्वळ टायटॅनियम म्हणून भंगारात जाताना मी पाहिलेत आणि प्रत्येक वेळी जीव कळवळला आहे. त्यांच्यावर रुथेनियम आणि इरिडियमच्या ऑक्साइडचा काही मायक्रॉनचा काळपट लेप असतो. जाळी वाकवू नका, घासू नका, लेपासकट पाठवा.

उत्प्रेरकाशी संबंध नसलेल्या जागाही आहेत. चांदीचं अस्तर असलेली भांडी, चांदी-सोन्याच्या रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटणाऱ्या चकत्या), काचेच्या अस्तराच्या रिॲक्टरला लावलेली ठिगळं, टँटलमच्या एक्स्चेंजरवर हायड्रोजनपासून बचावासाठी बसवलेले प्लॅटिनमचे छोटे ठिपके. आणि तापमान मोजणारी थर्मोकपल! एस प्रकारच्या थर्मोकपलची एक तार शुद्ध प्लॅटिनमची, दुसरी १० टक्के रोडियम असलेली. अर्धा मिलिमीटर जाडीची अशी जोडी मीटरभर असली तर तिचं वजन सुमारे ८ ग्रॅम भरतं. इन्स्ट्रुमेंट विभागाच्या खणात बिघडलेली थर्मोकपल वर्षानुवर्षं पडून असतात. तिथे आवर्जून विचारा.

तिसरा टप्पा : आत जाण्याआधी

हा भाग वाचायचा कंटाळा येईल, तरी वाचा. इथे चुकलं तर धातूची किंमत कुणाला आठवणार नाही.

नायट्रिक प्लांटच्या थंड भागांत अमोनियम नायट्रेट आणि नायट्राइटचे पांढरट क्षार साचतात. प्लांट सुरू होताना थोडा अमोनिया न जळता पुढे सरकतो, नायट्रोजनच्या ऑक्साइडना भेटतो आणि थंड पृष्ठभागावर क्षार धरतो. ड्रेनची नळी, गेजचं तोंड, बंद टोकाचा पाइप, कॉम्प्रेसरचा तळ या त्याच्या लाडक्या जागा. हे क्षार तापवले, ठोकले किंवा त्यांच्यात तेल मिसळलं तर स्फोट होऊ शकतो. म्हणून गरम पाण्याने किंवा वाफेने धुऊन, धुतलेल्या पाण्यात अमोनियम उरलेलं नाही हे तपासून मगच कटिंग. गॅस कटर आणि ग्राइंडर तोपर्यंत गेटच्या आतही नको. आणि हे धुतलेलं पाणीसुद्धा गाळूनच सोडायचं, त्यातही प्लॅटिनम उतरतं.

बंदिस्त जागेत शिरताना परमिट, ब्लाइंड (पाइप बंद करणारी तबकडी) टाकून वेगळ्या केलेल्या लाइन, सतत हवा खेळती, बाहेर एक माणूस आणि गॅस मीटर. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या बाहेर असेल तर शिरू नका. गाळ ढवळला की अडकलेला वायू सुटतो, त्यामुळे सकाळचं रीडिंग दुपारी चालत नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडचा तांबूस धूर कुणाच्या श्वासात गेला तर तो माणूस ठीक दिसत असला तरी डॉक्टरकडे न्या आणि पुढचा दिवस-दीड दिवस नजरेखाली ठेवा, कारण फुफ्फुसात पाणी भरायला कित्येक तास लागतात.

कार्बनवरचं वापरलेलं पॅलेडियम हवेत कोरडं पडलं की आपोआप पेट घेऊ शकतं. ते पाण्याने ओलं किंवा नायट्रोजनखाली ठेवा. चांदीच्या अवशेषात अमोनिया मिसळून तसंच ठेवू नका, काही काळाने त्यातून स्फोटक संयुग बनतं. ॲसिटिलीनचा चांदीशी संबंध येऊ देऊ नका, कारण तेच.

चौथा टप्पा : गोळा करणं

आधी कोरडं, मग ओलं. कोरडा थर व्हॅक्यूमने घ्या. हेपा (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचं औद्योगिक व्हॅक्यूम हवं, साधं नको, कारण साधं व्हॅक्यूम सर्वांत बारीक आणि सर्वांत मौल्यवान धूळ मागून बाहेर फेकतं. संकुचित हवेने फुंकून साफ करण्याची सवय काही जणांच्या हाताला असते. ती पहिल्याच दिवशी प्रेमाने पण ठामपणे थांबवा. ब्रश नायलॉनचे वापरा. तारेच्या ब्रशचं लोखंड तुमच्या लॉटमध्ये मिसळतं आणि उगाच वजन वाढवून टक्केवारी खाली आणतं.

मग उच्च दाबाच्या पाण्याचा मारा. पाणी कुठे जाणार हे पाणी सोडण्याआधी ठरवा. गटाराची तोंडं बंद, खाली प्लास्टिकची ताडपत्री, मग सेटलिंग टाकी आणि शेवटी बॅग फिल्टर किंवा फिल्टर प्रेस. कण इतके बारीक असतात की नुसतं थांबून ते बसत नाहीत, वरचं पाणी स्वच्छ दिसलं तरी फिल्टरमधून जाऊ द्या.

घट्ट थरासाठी रासायनिक धुलाई करतात. योग्य द्रावण फिरवलं की गंज विरघळतो, प्लॅटिनम तसंच राहतं आणि फिल्टरमध्ये अडकतं. ही कल्पना सुंदर आहे, पण द्रावण निवडायचा अधिकार प्लांटच्या मेटलर्जी जाणणाऱ्या माणसाचा. हायड्रोक्लोरिक आम्ल स्वस्त आणि झटपट, म्हणून कुणीतरी सुचवतंच. स्टेनलेस स्टीलला क्लोराइड लागलं तर ताणाच्या जागी भेगा पडतात आणि त्या महिन्यांनी, चालू प्लांटमध्ये, गळती होऊन समोर येतात. चार किलो धातूसाठी एक्स्चेंजर घालवण्यात शहाणपण नाही. प्लांट पुन्हा चालणार असेल तर ही चर्चा लेखी करा. कायमचा बंद होणार असेल तर अधिक मोकळीक असते, अगदी ट्यूब कापून गंजासकट वितळवायला पाठवता येतात.

पाचवा टप्पा : वजन, सील, वही

प्रत्येक जागेचा माल वेगळ्या ड्रममध्ये. बॉयलरचा गंज आणि टाकीचा गाळ एकत्र करू नका. गरीब माल श्रीमंत मालात मिसळला की दोन्हींचा नमुना बिघडतो आणि पुढच्या शटडाऊनसाठी (प्लांट देखभालीला बंद ठेवतात त्या वेळेसाठी) काही शिकायलाही मिळत नाही. ड्रमला नंबर, आतून जाड पिशवी, झाकणाला क्रमांकाचं सील. भरतानाचं वजन दोन माणसांसमोर, दोघांच्या सह्या, सील क्रमांकाचा फोटो. खोलीची किल्ली एकाकडे, वही दुसऱ्याकडे.

ही शिस्त कुणावरच्या अविश्वासाने नाही. महिनाभराने आकडे जुळले नाहीत की संशय सर्वांत आधी झाडणाऱ्या, सर्वांत कमी पगाराच्या माणसावर जातो. नीट लिहिलेली वही त्याला वाचवते.

सहावा टप्पा : नमुना

सगळा पैसा इथे ठरतो. एक साधा हिशोब: १०० किलो ओला गाळ, ओलावा ३८ टक्के, म्हणजे कोरडा माल ६२ किलो. प्लॅटिनम ४,२०० पीपीएम, म्हणजे किलोला ४.२ ग्रॅम. एकूण २६० ग्रॅम. आता ओलावा ३८ ऐवजी ४३ टक्के लिहिला गेला तर? कोरडा माल ५७ किलो, धातू २३९ ग्रॅम. धातूच्या तपासणीत काहीही चूक नसताना २१ ग्रॅम कागदावरून उडाले. म्हणून ओलाव्याचा नमुना वजनाच्याच वेळी, त्याच ड्रममधून घ्यायचा, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचा.

नमुना वरून चमचाभर काढला तर तो फसवतो, कारण वाहतुकीत हादऱ्यांनी जड कण खाली जातात. पूर्ण लॉट सुकवून, दळून, चाळून, मिसळून मग विभागणी यंत्रातून किंवा ढीग चार भागांत पाडून समोरासमोरचे भाग घेत कमी करत आणायचा. चाळणीवर राहिलेले धातूचे कण, जाळीचे तुकडे, चकत्या यांना दळता येत नाही. त्यांचं वेगळं वजन, वेगळी तपासणी. ते बारीक भुकटीत परत टाकले तर एखादा कण कुणाच्या पुडीत पडतो यावर निकाल हलतो.

शेवटी चार सारख्या सीलबंद पुड्या. एक तुमची, एक रिफायनरीची, एक पंचाची, एक राखीव. तपासणी शिशाच्या फायर ॲसेने (शिशासोबत वितळवून मौल्यवान धातू त्यात गोळा करण्याची पद्धत) आणि आयसीपीने (धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राने) होते. नमुना काढताना स्वतः हजर राहा किंवा तुमचा प्रतिनिधी ठेवा. प्रवासाचा खर्च वाचवावासा वाटतो, पण मी अजून एकही असा दौरा व्यर्थ गेलेला पाहिला नाही.

सातवा टप्पा : रिफायनरीशी बोलणं

किती टक्के धातू परत देणार, हा प्रश्न सगळे विचारतात आणि तेवढ्यावर थांबतात. पुढचे प्रश्न जास्त महत्त्वाचे. प्रक्रियेचं शुल्क ओल्या वजनावर की कोरड्या? रोडियमचे पैसे मिळणार का, की ते तपासणारच नाहीत? पारा, आर्सेनिकसारख्या घटकांसाठी दंड किती? किती आठवड्यांनी हिशोब, आणि भाव कुठल्या दिवसाचा धरणार? धातू खात्यावर जमा होणार की रोख? भाव ट्रॉय औंसात असेल तर एक औंस ३१.१०३५ ग्रॅमचा, साध्या औंसाने गुणलं तर घोळ होतो. आणि दोघांच्या तपासणीत किती फरक चालेल ते आधीच लिहून घ्या. फरक त्याच्या आत असेल तर सरासरी, बाहेर असेल तर पंचाची पुडी उघडायची, आणि पंचाच्या आकड्यापासून जो दूर असेल त्याने पंचाचा खर्च भरायचा, अशी रीत आहे.

माल देशाबाहेर जाणार असेल तर वापरलेला उत्प्रेरक आणि गाळ घातक कचऱ्यात मोडू शकतो. मग १९८९ च्या बासेल कराराप्रमाणे दोन्ही देशांची संमती लागते. हे कागद व्हायला महिने जातात, म्हणून शटडाऊनच्या आधीच सुरुवात करा.

आठवा टप्पा : उरलेलं

ड्रम गाडीत चढले की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, पण एक लॉट अजून बाकी असतो. व्हॅक्यूमच्या पिशव्या, बॅग फिल्टर, वापरलेले ब्रश, हातमोजे, अंगावरचे कागदी सूट, फरशी पुसलेल्या चिंध्या, ताडपत्री. हे सगळं एका ड्रममध्ये भरून "जाळायचा माल" असं लिहून रिफायनरीला द्या. तिथे ते नियंत्रित भट्टीत जाळून राखेची तपासणी करतात. ताडपत्री घडी घालताना आतल्या बाजूने घाला, आणि घडीच्या रेषेत जी करडी धूळ जमते ती ड्रमवरच झटका.

मग नकाशा पुन्हा उघडा आणि प्रत्येक जागेपुढे खरे आकडे लिहा: इथून एवढे किलो कोरडे, एवढे पीपीएम, एवढे ग्रॅम. दुसऱ्या टप्प्यातल्या छोट्या नमुन्यांशी ते ताडून पाहा. जिथे अंदाज फारच चुकला असेल तिथे लाल पेनाने कारण लिहून ठेवा, आणि ती प्रत प्लांटच्या शटडाऊनच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावा. पुढच्या वेळी टाकी धुवायला येणाऱ्याच्या हाती आधी ती पडली पाहिजे.